जड गोळी, आट्यांची पीळ आणि पुंगळीतली जागा

मध्यम बोअरच्या, म्हणजे नळीच्या मध्यम व्यासाच्या, रायफलीसाठी काडतुसे घरी भरणारे बहुतेक जण गोळीची निवड वजनापासून सुरू करतात, आणि माझ्या मते ही सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते. किती लांबीची गोळी चालेल हे नळीतल्या आट्यांची, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांची, पीळ ठरवते आणि तिच्यामागे किती दारू बसेल हे पुंगळीतली, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळीतली, जागा ठरवते. या दोन मर्यादा कळल्यावर वजनाचा आकडा जवळजवळ आपोआप हाती येतो.

या विषयात मी पडलो तो भाच्यामुळे. तो कॅनडातील अल्बर्टा प्रांतात स्थायिक झाला असून तेथे रीतसर परवाना घेऊन एल्क आणि मूस या मोठ्या हरणांची शिकार करतो व त्यासाठी लागणारी काडतुसे स्वतः भरतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार बंद आहे (शिवपुरीचे जे रान शिंदे सरकारांचे शिकारखाने होते तेच आज राष्ट्रीय उद्यान आहे, आणि ते योग्यच झाले), शिवाय परवान्यावाचून काडतूस भरणे हा गुन्हा आहे. त्यामुळे ग्वाल्हेरात बसून माझा वाटा कागद, पेन्सिल आणि रविवारचा फोन एवढाच. ‘मामा, तुम्ही इंजिनियर आहात, हिशेब तुम्हीच करा,’ असे म्हणून त्याने २५०, २८६ आणि ३२० ग्रेन (गोळी तोलण्याचे इंग्रजी माप) अशा तीन वजनांचा प्रश्न माझ्यापुढे टाकला.

त्याची रायफल ९.३ × ६२ची, म्हणजे ९.३ मिलिमीटरची गोळी आणि ६२ मिलिमीटरची पुंगळी असलेल्या काडतुसाची, आहे. बर्लिनचे बंदूककार ओटो बॉक यांनी १९०५ साली हे काडतूस तयार केले. आफ्रिकेतील जर्मन वसाहतींमधल्या शेतकऱ्यांना साध्या माउझर ९८ रायफलीत बसणारे, पण मोठ्या जनावरालाही पुरे पडणारे काडतूस हवे होते, आणि २८६ ग्रेन, म्हणजे सुमारे १८.५ ग्रॅमची गोळी हे त्याचे मूळचे वजन मानले जाते. गोळीचे पौंडांतले वजन तिच्या इंचांतल्या व्यासाच्या वर्गाने भागले की जो आकडा मिळतो, त्याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. २८६ ग्रेनच्या ९.३ गोळीसाठी तो ०.३०५ येतो आणि .३७५ हॉलंड अँड हॉलंड या इंग्रजी काडतुसाच्या ३०० ग्रेनच्या गोळीसाठीही तेवढाच येतो. आमच्या चंबळ पट्ट्यात घरोघरी दिसणारी .३१५ रायफल ज्या ८ × ५० मॅनलिखर काडतुसावरून आली, त्याची मूळची २४४ ग्रेनची गोळी तर या हिशेबात दोहोंच्याही पुढे, ०.३३४वर आहे. गोळी आत किती खोल जाईल याचा पहिला अंदाज या आकड्यावरून येतो, पण तो पहिलाच अंदाज असतो. आत गेल्यावर गोळी किती फुलते आणि किती शाबूत राहते, हे तिच्या घडणीवर अवलंबून असते.

आता पीळ. ९.३ × ६२च्या नळीत आटे ३६० मिलिमीटरमध्ये एक पूर्ण फेरा घेतात. वूलिचचे गणिती ग्रीनहिल यांनी १८७९ साली दिलेल्या सूत्राप्रमाणे, व्यासाच्या वर्गाला १५०ने गुणून पिळाच्या लांबीने भागले (सर्व मापे इंचांत) की स्थिर उडणाऱ्या गोळीची कमाल लांबी मिळते, आणि ती येथे सुमारे ३६ मिलिमीटर येते. हे सूत्र शिशाच्या गाभ्याच्या गोळीसाठी आहे. निखळ तांब्याची घनता कमी असल्यामुळे तिच्यासाठी ही मर्यादा साडेबत्तीसपर्यंत खाली येते, आणि गंमत अशी की त्याच कारणाने त्याच वजनाची तांब्याची गोळी लांबीला मात्र वाढलेली असते. २८६ ग्रेनचा नुसता दंडगोल कल्पिला तर शिशाच्या गाभ्याचा सुमारे २६ आणि तांब्याचा साडेतीस मिलिमीटर भरतो. नाकाचा निमुळतेपणा धरून त्यात पाच-सहा मिलिमीटर मिळवले, तर पहिली गोळी मर्यादेच्या आत राहते आणि दुसरी बाहेर जाते. ग्रीनहिलचे सूत्र जुने आणि सावध आहे, मर्यादेपलीकडच्या काही गोळ्या प्रत्यक्षात नीट उडतातही. तरी तांब्याची गोळी हवी असेल तर २५० ग्रेनवर थांब, असे मी त्याला सांगितले.

ग्रीनहिलइतकेच लक्ष जागेकडे द्यावे लागते, कारण हा भाग डोळ्यांना दिसत नाही. भरलेल्या काडतुसाची एकूण लांबी ८३.६ मिलिमीटरच्या पुढे जाता कामा नये, म्हणून गोळी जेवढी लांब, तेवढी ती पुंगळीत खोल शिरते. ९.३ मिलिमीटर व्यासाची गोळी एक मिलिमीटर आत गेली की ६८ घन मिलिमीटर जागा खाते. चार मिलिमीटर गेली तर जवळजवळ पावणेतीनशे. रिकाम्या पुंगळीत एकूण जागाच सुमारे ५ घन सेंटिमीटर असते. जागा आकसली, गोळी जड झाली आणि दारू मात्र तेवढीच ठेवली, तर दाब झपाट्याने वाढतो, आणि या काडतुसाची युरोपीय मानकाची कमाल मर्यादा ३९०० बार आहे. एका गोळीसाठी छापलेला दारूचा आकडा त्याच वजनाच्या, पण लांबीने वेगळ्या गोळीला जसाच्या तसा लावू नये, याचे कारण हेच.

वेगाचे गणित मला सर्वांत उद्बोधक वाटले. २५० ग्रेनची गोळी सेकंदाला ७७५ मीटर, २८६ची ७२० आणि ३२०ची ६७० धरली, तर नळीच्या तोंडाशी ऊर्जा अनुक्रमे सुमारे ४८६५, ४८०० आणि ४६५५ ज्यूल येते, म्हणजे वजन वाढवून ऊर्जा किंचित घटतेच. संवेग (वस्तुमान गुणिले वेग, किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंदात) मात्र १२.६, १३.३ आणि १३.९ असा चढत जातो आणि त्याबरोबर खांद्यावरचा धक्काही चढतो. २५०वरून ३२०वर गेल्यावर हाती लागतो तो संवेगातला दहा टक्क्यांचा फायदा, आणि त्यासाठी गोळीचा मार्ग अधिक वाकडा झालेला सोसावा लागतो. अल्बर्टाच्या मोकळ्या माळावर तो सौदा मला पटत नाही. दाट झाडीत, जवळच्या अंतरावर, कदाचित पटेल.

घडणीबद्दल एकच उदाहरण देतो. जॉन नोस्लर यांची गोळी कॅनडातच एका मूसवर पुरेशी आत गेली नाही, तेव्हा त्यांनी मध्ये आडवी भिंत असलेली पार्टिशन गोळी तयार केली. तिचा पुढचा भाग फुलतो आणि मागचा शाबूत राहून पुढे जात राहतो. अशा गोळीत मध्यम वजनही पुरते, हे जड गोळीच्या भक्तांनी लक्षात घ्यायला हवे.

राहिली हवा. जुन्या इंग्रजी काडतुसांतली कॉर्डाइट दारू उष्णतेत भलताच दाब देई, म्हणून हिंदुस्थानासाठी काही काडतुसे मुद्दाम कमी भरून येत. ग्वाल्हेरचा मे महिना सोसलेल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही. हल्लीच्या दारू बऱ्याच शांत असल्या तरी तापमानाचा परिणाम पुरता गेलेला नाही. भाचा जुलैच्या उन्हात काडतुसे तपासतो आणि नोव्हेंबरमध्ये शून्याच्या खाली वीस अंशांत शिकारीला जातो, तेव्हा त्याचा वेग थोडा पडतो व गोळी किंचित खाली लागते. हे चालण्यासारखे आहे. याउलट थंडीत कमाल दाबापर्यंत नेलेला दारूचा भार उन्हाळ्यात वापरणे धोक्याचे आहे. अखेर त्याने शिशाच्या गाभ्याची २८६ ग्रेनची गोळी घेतली आणि दारूच्या कंपनीच्या तक्त्यातल्या किमान भारापासून सुरुवात केली. ३२०ची पेटी मात्र घेतली नाही, कारण त्याच्याकडच्या दारूच्या तक्त्यात त्या वजनासाठी आकडाच नव्हता, आणि तो अंदाजाने काढण्यास मी साफ नकार दिला.