एकाच पंखाचा ब्रिज

मंगळवार, रात्री

पटाशीच्या दाताशेजारचा वरचा छोटा दात मला मुळात आलाच नव्हता. त्या जागी आज सिरॅमिकचा दात बसला. आजवर काढता-घालता येणाऱ्या गुलाबी प्लेटवर भागत होते. नेहमीचा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात) करायचा तर दोन्हीकडचे धडधाकट दात घासून बारीक करावे लागले असते आणि इम्प्लांटसाठी (हाडात रोवायच्या कृत्रिम मुळासाठी) तिथले हाड फारच अरुंद निघाले.

आज बसवलेल्या ब्रिजमध्ये शेजारच्या एका दाताच्या मागे झिर्कोनियाचा (एका कठीण सिरॅमिकचा) पातळ पंख चिकटवतात आणि नवा दात त्याच्याच आधाराने राहतो. पंख एकच आहे, हे मला खटकले होते. डॉक्टरांचे स्पष्टीकरण मात्र पटले: चावताना प्रत्येक दात हाडात किंचित हलतो, पण शेजारचे दोन दात सारखे हलत नाहीत, त्यामुळे दोन्हीकडे जखडलेल्या ब्रिजचा एखादा पंख सुटतो, दुसऱ्यामुळे ब्रिज जागेवरच राहतो आणि सुटलेल्या पंखाखाली दात किडू लागला तरी पत्ता लागत नाही. एकपंखी ब्रिज सुटला तर सरळ हातात येतो आणि बहुधा पुन्हा चिकटवता येतो. जर्मनीतील मथियास केर्न यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा वर्षांनी दोन पंखांचे सुमारे ७४ टक्के, तर एका पंखाचे सुमारे ९४ टक्के ब्रिज टिकलेले आढळले. ते ब्रिज झिर्कोनियाचे नव्हे, तर अॅल्युमिनाच्या (अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) सिरॅमिकचे होते आणि रुग्णही थोडे होते, म्हणून या आकड्यांवर मी फार भिस्त ठेवत नाही. कारणमीमांसा मात्र मला भक्कम वाटते.

दात कोरडे पडले की अधिक पांढरे दिसतात, म्हणून नव्या दाताची शेड (रंगछटा) आधीच्या भेटीत, माप घेण्यापूर्वीच ठरवली होती. आज रबराचा पडदा लावून लाळ अडवली, एनॅमलवर (दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर) फॉस्फोरिक आम्ल लावून ते खरखरीत केले (ही युक्ती बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये मांडली) आणि पंखाच्या आतल्या बाजूवर अॅल्युमिनाची बारीक पूड जोराने मारली. झिर्कोनियात काच नसल्याने काचयुक्त सिरॅमिकसारखे ते आम्लाने कोरले जात नाही; म्हणून त्याला धरणारा फॉस्फेटयुक्त रेझिन सिमेंट लागतो. बसवण्यापेक्षा या तयारीलाच जास्त वेळ गेला.

सुन्न करण्याची गरज भासली नाही. जीभ सारखी त्या पंखाकडे जाते, बोलताना 'स' अजून थोडा घसरतो. पेरू आणि ऊस पुढच्या दातांनी तोडायचे नाहीत, आणि नव्या दाताखालून रोज दोरा फिरवायचा आहे.