स्वच्छतेची खाज

आज सकाळी बघतो तर टँकमधले सगळे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत, आणि पाणी म्हणाल तर काचेसारखं स्वच्छ. मला वाटलं ऑक्सिजन कमी पडतोय, एअर पंप फुल केला, तासभर काहीच फरक नाही. मग टेस्ट किट काढलं, ते थेंब टाकून हलवायचं असतं ना ते, आणि अमोनियाची (माशांच्या घाणीतून पाण्यात उतरणारं विष) नळी हिरवी! १ पीपीएमच्या (म्हणजे दहा लाखांत एक भाग) आसपास, असायला पाहिजे शून्य.

तेव्हा ट्यूब पेटली. रविवारी मला स्वच्छतेची खाज सुटली होती, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पिळून पिळून नवाकोरा केला होता. अरे त्या काळपट चिकट थरातच तर ते बॅक्टेरिया राहतात जे अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. महिना-दीड महिना लागून बसलेली वसाहत मी पाच मिनिटांत गटारात सोडली. (घरातली भांडी इतकी मन लावून कधी घासली नाहीत, हे ऐकवून झालंय मला.)

अर्धं पाणी बदललं, नवीन पाण्यात डिक्लोरिनेटर (क्लोरीन घालवणारं औषध) टाकून, तापमान जुळवून, हळूहळू ओतलं. खाणं बंद. त्यात माझ्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ८ च्या जवळ, आणि पीएच जास्त असला की तेवढाच अमोनिया जास्त विषारी पडतो, त्यामुळे डबल टेन्शन. संध्याकाळी ०.५ वर आलाय, उद्या परत पाणी बदलणार. पुढे नायट्राइट चढेल, तेही विषारीच, ते वेगळंच.

बाकीचे फिरतायत, एक गप्पी अजून हिटरच्या मागे बसून आहे.