कागदावरचे चाळीस, रस्त्यावरचे चव्वेचाळीस

गाड्यांच्या वेगाच्या अहवालात ताशी ४० किलोमीटर लिहिलं होतं आणि लेझर गनच्या, म्हणजे किरण टाकून वेग मोजणाऱ्या यंत्राच्या, नोंदींतून ४४ येत होते. शाळेसमोरच्या त्या सरळ, रुंद रस्त्याची वेगमर्यादा ५० वरून ३० वर आणली होती. फलक लागण्यापूर्वी तिथला ८५ टक्क्यांचा वेग ४६ होता, म्हणजे शंभरातली ८५ वाहनं ताशी ४६ किलोमीटर किंवा त्याहून कमी वेगाने जात. फलकांनंतर तो ४० झाल्याचं अहवाल सांगत होता. रहिवासी म्हणत होते, काही फरक नाही. अशा तक्रारींत आवाजाची आणि भीतीचीही भर असते, म्हणून वाद न घालता पुन्हा मोजायचं ठरलं.

लेझर गन हातात घेतली की लगेच गाड्यांवर रोखायची नसते. आधी मोजून ठेवलेल्या अंतरावरच्या भिंतीवर अंतर बरोबर येतं का ते पाहायचं. मग दिव्याच्या खांबावरून ती आडवी फिरवून दुर्बिणीतला ठिपका आणि किरण एकाच जागी पडतात याची खात्री करायची. ठिपका सरकलेला असला तर शेजारच्याच गाडीचा वेग वाचला जातो. उभं राहायची जागाही महत्त्वाची. गाड्यांच्या ओळीपासून ४ मीटर बाजूला उभं राहून २० मीटर पुढची गाडी टिपली तर वेग २ टक्के कमी दिसतो. तीच १० मीटरवर टिपली तर ४५ ची ४२ होते. ही चूक नेहमी चालकाच्या फायद्याची असते, त्यामुळे चलानाच्या सुनावणीत ती फारशी नडत नाही. पाहणीत मात्र ती रस्त्याला आहे त्यापेक्षा शहाणा ठरवते.

मोजायची फक्त मोकळी वाहनं, म्हणजे पुढच्या गाडीपासून निदान चार-पाच सेकंद मागे असलेली. रांगेतल्या गाडीचा वेग तिच्या चालकाने ठरवलेला नसतो. दर तिसरं वाहन घ्यायचं, नाहीतर नजर आपोआप जोरात येणाऱ्यांकडेच जाते. दुचाकीवर नेम हेडलॅम्पवर धरायचा, कारण चालकाच्या कपड्यांवरून किरण नीट परत येत नाही. अशा १२० नोंदी चढत्या क्रमाने लावल्या की १०२ वी म्हणजे ८५ टक्क्यांचा वेग. ती ४४ होती.

अहवालातली ४० ची पाहणी एका कंत्राटी पथकाने हवेच्या रबरी नळ्यांनी केली होती. दोन नळ्या रस्त्यावर आडव्या, एकमेकींपासून बरोबर १ मीटरवर ठोकतात. चाक पहिलीवरून दुसरीवर जायला लागलेल्या वेळातून यंत्र वेग काढतं. त्याला अंतर १ मीटर सांगितलेलं असतं आणि ते त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतं. त्या जागी खिळ्यांची भोकं अजून दिसत होती. मोजपट्टी लावली तर फुटपाथच्या कडेला १ मीटर, पण गाड्यांची चाकं जातात तिथे १.१० मीटर. एक नळी मध्येच ढिली पडून वाकली होती आणि त्याच स्थितीत कुणीतरी पुन्हा ठोकली होती. दहा टक्के जास्त अंतर म्हणजे वेग सुमारे नऊ टक्के कमी दाखवला गेला: ४४ चे ४० झाले. हिशेब इतका चोख जुळेल असं वाटलं नव्हतं. नळ्यांची लांबीही सारखी लागते. हवेचा दाब साधारण ध्वनीच्या वेगाने यंत्रापर्यंत पोचतो, त्यामुळे एक नळी मीटरभर लांब असली तर सुमारे ३ मिलिसेकंदांचा फरक पडतो. ताशी ४० च्या गाडीला दोन्ही नळ्या ओलांडायला ९० मिलिसेकंदच लागतात.

म्हणजे फलकांनी ४६ चे ४४ केले होते. हे अगदीच नगण्य नाही, कारण सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण ४ टक्क्यांनी वाढतो असं मानलं जातं. पण ३० चा आकडा हवेतून आलेला नाही. ३० च्या वेगाने जाणारी गाडी, चालकाला ब्रेकपर्यंत पोचायला एक सेकंद धरून, कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ५० वाल्याने त्या एका सेकंदातच जवळपास १४ मीटर कापलेले असतात. म्हणजे पहिली गाडी उभी राहते तिथे दुसरी अजून पूर्ण वेगात असते. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने मुख्य रस्ते सोडून बाकी सगळीकडे ३० ची मर्यादा १९९२ मध्येच आणली. पादचारी आणि वाहनं एकत्र येतात तिथे ३० ठेवा, असं रस्ता सुरक्षेबद्दलचा २०२० चा स्टॉकहोम जाहीरनामाही सांगतो.

याच रस्त्यावरची काही चलानंही रद्द झाली होती. मर्यादा सुरू होते तिथला फलक फांदीआड गेला होता. फलक तपासणारा माणूस फुटपाथवर उभं राहून वर बघतो. चालकाचे डोळे कारमध्ये जमिनीपासून सव्वा मीटरच्या आत असतात आणि ५० मीटर मागून तिथे नुसती पानं दिसत होती. फोटो काढायचा तो त्या उंचीवरून, त्या अंतरावरून, तारखेसकट.

खरा दोष रस्त्याच्या रुंदीत होता. इतक्या प्रशस्त मार्गिकेत ३० ने जाणाऱ्यालाच चुकल्यासारखं वाटतं. मार्गिका ३ मीटरवर आणणं आणि सुमारे ८० मीटरच्या अंतराने १०० मिलिमीटर उंच उचललेले झेब्रा क्रॉसिंग करणं, असा प्रस्ताव दिला. असा उंच झेब्रा फुटपाथच्या उंचीला भिडतो, त्यामुळे कडेचं पाणी अडतं. चढाच्या बाजूला आधी पाणी जायची जाळी बसवली नाही तर पहिल्याच पावसात लोक तो फोडायला सांगतात.

रहिवाशांना कॅमेरा हवा होता. एका जागी टिपणारा कॅमेरा लावला की ओळखीचे चालक तेवढ्यापुरते हळू होतात आणि पुढे पाय पुन्हा दाबतात. दोन टोकांना कॅमेरे लावून सरासरी वेग काढायचा तर ४०० मीटरला ३० च्या वेगाने ४८ सेकंद लागतात, घड्याळांत एका सेकंदाचा फरकही २ टक्के चूक देतो. शिवाय मध्ये गल्ल्या फुटत असल्याने अर्धी वाहनं दुसऱ्या कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नव्हती. तो प्रस्ताव बाजूला ठेवला.