बावीस नंबर

कॅनडातील विनिपेगच्या एका रुग्णालयात मी परिचारिका आहे. 29 सप्टेंबरला सकाळी ड्यूटी घेताना मी वॉर्डमध्येच सहकारी परिचारिकेला म्हणाले, "बावीस नंबरची अंघोळ राहिली आहे." नाशिकला शिकत असल्यापासून खाटेच्या क्रमांकाने रुग्ण ओळखण्याची सवय जडलेली आहे. ते शब्द ऐकताच बाविसाव्या खाटेवरच्या क्री या मूलनिवासी समाजातील आजी ताठ उठून बसल्या आणि त्यांनी दोन्ही तळहात मांडीवर पालथे ठेवले. मी जवळ गेले, तेव्हा माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "शाळेत मला नंबरनेच हाक मारत."

'निवासी शाळा' हे शब्द मराठी कानाला शिस्तीचे, प्रतिष्ठेचेही वाटतात. इथे मात्र सरकारच्या पैशावर चर्चने चालवलेल्या या शाळांत मूलनिवासींची दीड लाखांहून अधिक मुले घरापासून तोडून ठेवली गेली. आल्याबरोबर त्यांचे केस कापले जात आणि मातृभाषेत बोलल्यास शिक्षा होई. या शाळांचा इतिहास तपासणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाने 2015 मध्ये ज्या 94 शिफारशी केल्या, त्यांतील चोविसावी परिचारिकांना हा इतिहास शिकवावा असे सांगते. मी तो अभ्यास केला होता, त्याची परीक्षाही दिली होती. तरीही माझ्या तोंडून आकडाच आला, याची मला मनापासून लाज वाटली.

मी क्षमा मागितली. त्यांनी मान हलवली नाही, नकारही दिला नाही. दुपारी नात आली आणि "कोकम" अशी हाक मारून त्यांच्या पांढऱ्या केसांची वेणी घालू लागली. क्री कुटुंबांत आजीला कोकम म्हणतात. माझ्या आजोळच्या आमसुलाचे नाव इतक्या दूर एखाद्या आजीचे असावे, याने मला भरून आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सर्वांनी नारिंगी शर्ट घातले. फिलिस वेबस्टॅड या मूलनिवासी मुलीला आजीने घेऊन दिलेला नारिंगी शर्ट 1973 मध्ये शाळेच्या पहिल्याच दिवशी काढून घेण्यात आला, त्याची ही आठवण. शर्ट घालणे आवश्यकच आहे, पण जिभेची सवय बदलणे त्याहून अवघड आहे, असे मला वाटते. या शाळांत दगावलेल्या 2,800 मुलांची नावे 2019 मध्ये 50 मीटर लांब लाल कापडावर लिहून लोकांसमोर मांडली गेली, तेव्हा आणखी कित्येकांची नावाविना केवळ नोंद उरली होती.

नारिंगी शर्टाच्या त्या दिवशी संध्याकाळी, पुढच्या पाळीला रुग्ण सोपवतानाच्या हँडओव्हरच्या कागदावर मी खाटेच्या क्रमांकाआधी आजींचे पूर्ण नाव लिहिले आणि त्याखाली त्यांनी सांगितलेली एकच सूचना नोंदवली : रात्री खोलीचे दार उघडे ठेवावे.