पाये असलेलं नगर

परवा रविवारी मेगाब्लॉक होता, डोंबिवलीहून भायखळ्याच्या आमच्या चर्चला पोचेपर्यंत उपासनेतलं पहिलं गीत होऊन गेलं होतं, आई दारातच जरा थांबली दम खायला आणि मग नेहमीच्या बाकावर जाऊन बसली. उपदेश इब्री ११ वर, म्हणजे नव्या करारातल्या इब्री लोकांच्या पत्राच्या अकराव्या अध्यायावर होता. देवाने ज्याचं वचन दिलं होतं त्या देशात जाऊनसुद्धा अब्राहाम तंबूतच राहिला, कारण पाये असलेल्या नगराची तो वाट बघत होता, ज्याचा बांधणारा देव आहे. हे वचन आलं की आईचा हात माझ्या हातावर येतो. का ते आज लिहून काढायचंय.

आमची चाळ २०१३ ला रिडेव्हलपमेंटला गेली. अग्रीमेंटमध्ये ३६ महिने लिहिलेत, पप्पांनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारलीय. पहिली अडीच वर्षं बिल्डरकडून भाडं आलं, मग बंद. चाळ पाडली, खड्डा खणला, पायाच्या सळया वर आल्या आणि काम थांबलं ते थांबलंच. दर पावसाळ्यात खड्डा भरतो, पत्र्याच्या फटीतून बघितलं तर हिरवं पाणी, गंजून लाल झालेल्या सळया आणि एखाद्या सळईवर बगळा. पप्पा दर रविवारी उपासना संपली की तिथे जाऊन दोन मिनिटं उभे राहायचे, काही बोलायचे नाहीत, मग कोपऱ्यावर कटिंग घ्यायची आणि स्टेशन. २०१९ ला पप्पा गेले. भाड्याच्या खोलीतूनच.

मधल्या काळात एका प्रार्थना सभेत तिथल्या एका ख्रिस्ती भावाने पप्पांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं की येत्या नाताळाला तुम्ही नव्या घरात असाल, प्रभू म्हणतो. आई पडद्यांचं कापडसुद्धा बघून आली होती. नाताळ आला आणि गेला. पप्पा त्या भावाबद्दल एक शब्द वाईट बोलले नाहीत, पण त्यानंतर महिनाभर घरात रात्रीची प्रार्थना त्यांनी केली नाही, आई करायची आणि ते नुसते आमेन म्हणायचे. मला तेव्हा खूप राग आला होता, अजूनही येतो. देवाने जे वचन दिलं नाही ते त्याच्या नावावर कुणाच्या पदरात टाकू नका हो, तारीख चुकली की त्या माणसाला वाटतं माझाच विश्वास कमी पडला.

मी त्या वर्षी उत्पत्ति, बायबलमधलं पहिलं पुस्तक, परत वाचायला घेतलं आणि यावेळी वयं लिहीत गेले. हारान सोडलं तेव्हा अब्राहाम ७५ वर्षांचा. इश्माएल झाला तेव्हा ८६. वचनाचा मुलगा इसहाक झाला तेव्हा १००. म्हणजे २५ वर्षं. आणि ८६ नंतर पुढच्याच अध्यायात तो एकदम ९९ चा आहे, मधल्या १३ वर्षांत देव त्याच्याशी काही बोलला असं एका ओळीतही लिहिलेलं नाही. लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ही गोष्ट ऐकतेय पण ती १३ वर्षं मला कधी दिसलीच नव्हती, दोन अध्यायांच्या मध्ये जी रिकामी जागा असते ना तिथे ती आहेत. हागारेची गोष्ट त्याच्या आधीची, देवाला उशीर होतोय तर आपणच काहीतरी करू म्हणून अब्राहामाची बायको सारा हिने आपली दासी हागार त्याला देऊन काढलेली वाट, तिचाच मुलगा इश्माएल, आणि ती त्या बिचारीला आणि तिच्या मुलाला किती महागात पडली. सारेला मी नावं ठेवत नाही, दहा वर्षं थांबली होती ती. पण वाट बघण्यातला खरा धोका मला तिथे कळला.

आणि सगळं आयुष्य ज्या देशाचं वचन होतं तिथे अब्राहामाने मालकीची म्हणून कुठली जमीन घेतली? सारा वारली तेव्हा मकपेलाचं शेत आणि गुहा, ४०० शेकेल चांदी मोजून. कबरेची जागा! हे वाचलं त्या रात्री मी खूप रडले, कारण पप्पांच्याही नावावर शेवटी तेवढीच जागा आली.

पप्पा गॉर्डन हॉल यांची गोष्ट सांगायचे. अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी एक, १८१३ ला मुंबईत उतरले, तेरा वर्षं मराठी शिकून रस्त्यात, देवळांपाशी सुवार्ता सांगत फिरले, मंडळी, म्हणजे चर्च, म्हणावं असं फारसं काही उभं राहिलेलं त्यांना दिसलं नाही आणि १८२६ ला नाशिककडे कॉलऱ्याने गेले. त्याच वर्षी मिशनचा मराठी नवा करार छापून झाला. पप्पा म्हणायचे, त्यांनी बघितलं नाही पण आपण वाचतोय ना.

देवाने मला भायखळ्यातल्या फ्लॅटचं वचन दिलेलं नाही हे आता मी स्वतःला स्पष्ट सांगते. फ्लॅटसाठी सोसायटीच्या मीटिंगा आहेत, वकील आहे, कोर्टाच्या तारखा आहेत, तिथे मी जाते आणि जाणार, हक्काचं आहे ते. त्याने वचन दिलंय ते मी तुला सोडणार नाही, टाकणार नाही हे, आणि त्या नगराचं. मला आधी हे वचन छोटं वाटायचं, म्हणजे घर मिळालं नाही म्हणून दिलेली समजूत. पण पप्पा शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये घराच्या फाईलबद्दल एकदाही बोलले नाहीत, पाळक साहेब आले तेव्हा म्हणाले मला फक्त ते नगराचं वाचून दाखवा.

त्यांच्या पवित्र शास्त्रात तेराव्या स्तोत्रापाशी तारखा आहेत. दावीद तिथे कुठवर, कुठवर असं चार वेळा विचारतो आणि पप्पांनी बाजूला बारीक अक्षरात तारखा लिहिल्यात, सगळ्यात जुनी २०१६ ची. रागावून, थकून केलेली प्रार्थनासुद्धा त्यांनी देवापाशीच केली, दुसरीकडे कुठे गेले नाहीत. माझ्यासाठी विश्वास म्हणजे त्या तारखा आहेत.

परवा घरी आल्यावर आईने ते पवित्र शास्त्र मागितलं आणि पेन्सिल. तिचा हात आता थरथरतो म्हणून तारीख मी लिहायची ठरलं. मी विचारलं, आई कुठे लिहू, तेराव्या स्तोत्रात की इब्रीत?

आई म्हणाली, दोन्हीकडे लिही.