गोवा ७०.३ : उलटीविना ब्रिक, आणि बाटलीचा नवा हिशेब

गोव्याच्या आयर्नमन ७०.३ शर्यतीची (१.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१ पळणं) तयारी चालू आहे. त्यातला रविवारचा ब्रिक, म्हणजे सायकल आणि लगेच पळणं असा जोडसराव, पार पडला. नव्वद सायकल, उतरल्या उतरल्या आठ किलोमीटर पळणं, आणि उलटी नाही. मागच्या नोंदी वाचलेल्यांना या शेवटच्या दोन शब्दांचं मोल कळेल. जुलैपासून तेच रडगाणं चालू होतं : जुन्या हायवेने लोणावळ्यापर्यंत सगळं झकास, परतताना कामशेत मागे पडलं की पोट नगाऱ्यासारखं तट्ट, आणि टी-टूनंतर (सायकल सोडून पळायला लागायचा टप्पा) पहिल्याच किलोमीटरला आत पाणी डुचमळल्याचा आवाज. पोट भरलेलं, जीभ मात्र कोरडी. पुढचं वर्णन करत नाही, कोणी चहा पिता पिता वाचत असेल.

आधी बाकीचं उरकते. स्विम : १.९ किलोमीटर आता न थांबता होतं, आणि ७० मिनिटांच्या कटऑफच्या बरंच आत. तलावात दर सहा स्ट्रोकला मान वर काढून साइटिंग केलं तर रेषा सरळ राहते, दहावर नेलं की स्वारी डाव्या काठाला. शर्यतीत गोव्याच्या मिरामार किनाऱ्यावरच्या लाटांत काय होतं ते मिरामारला कळेल. टायर २८ मिलिमीटरचे ट्यूबलेस करून घेतले. आत भरायच्या, भोकं बुजवणाऱ्या सीलंटचे डाग बाल्कनीच्या फरशीवर कायमचे बसलेत, पण पावसाळ्यातल्या काचा-खडी असूनही पंक्चरसाठी उतरावं लागलेलं नाही, म्हणून डाग माफ.

तर, पोट. संशयित भरपूर होते. केळं बंद केलं, फरक शून्य. सकाळचे पोहे जाऊन ब्रेड-मध आला, फरक शून्य. दूध तर केव्हाच गेलं होतं. एरोबारवर (हँडलवरच्या, कोपरं टेकायच्या पुढच्या दांड्या) वाकल्याने पोट दाबलं जातं, असं ग्रुपमधल्या एका काकांचं ठाम मत, म्हणून अख्खी राईड हूडवर, म्हणजे ब्रेकच्या मुठी धरून काढली. पाठ धरली, पोट तसंच. मग उरलं जेल, वाटेत ताकदीसाठी पाकिटातून पिळून घ्यायचा दाट गोड पाक. कोच म्हणाले, ‘‘जेल बदलून बघ.’’ बदललं. मग कॉफीचं सोडून लिंबाचं. यात जेलवाल्यांचं तेवढं भलं झालं.

छडा लावला तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने. या खेळापायी जमवलेल्या सगळ्या सामानात सगळ्यात उपयोगी तोच निघाला, पॉवर मीटरवाल्यांनी रागावू नये. बाटलीत कालवायच्या एनर्जी पावडरचा डबा आणि जेलची पाकिटं ओट्यावर मांडली आणि मागचा बारीक मजकूर वाचत वहीत आकडे मांडले. तासाला ७५० मिलीची एक बाटली, तीत दोन स्कूप म्हणजे ६० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं), आठ टक्के. इथवर ठीक. याहून दाट झालं की जठर रिकामं व्हायचा वेग मंदावत जातो. जेलमध्ये २५ ग्रॅम, ‘पाण्यासोबत घ्या’, तासाला दोन. पाणी म्हणजे बाटलीतलंच, कारण सायकलवरच्या दोन्ही बाटल्या गोड. बेरीज ११० ग्रॅम, पाऊण लिटरला, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आसपास! पावडरवाला आपल्या डब्यावर बरोबरच लिहितो, जेलवालाही बरोबरच लिहितो. दोघांची बेरीज मात्र कुठेच छापलेली नसते.

एवढं दाट आतड्यात उतरलं की ते अंगातलंच पाणी आत ओढतं. पोट भरलेलं असून जीभ कोरडी, ती यामुळे. शिवाय ग्लुकोज आत घेणारी यंत्रणा तासाला साधारण ६० ग्रॅमला थकते. फ्रुक्टोजची वाट वेगळी असते, म्हणून दोन्ही मिसळून घेणारे सरावाने ९०पर्यंत जातात. आणि कामशेतलाच का? परतीला ऊन चढलेलं असतं, रक्त मांड्यांकडे आणि कातडीकडे वळतं, पोटाच्या वाट्याला उरतं ते थोडंच. गोव्यातल्या दमट हवेत याहून बरं काही होणार नाही.

हे आकडे मी मोठ्याने वाचत होते, ते सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘‘अगं, जुलाबात देतात तसलंच ना हे मीठ-साखरेचं पाणी? पण ते काही एवढं गोड नसतं.’’ औषधाच्या डब्यातून ओआरएसचं पाकीट काढलं. लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम. दीड टक्कासुद्धा नाही! सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी जातं, हीच तर ओआरएसची सगळी करामत. पाणी पोचवायचं तर पातळ हवं आणि इंधन पोचवायचं तर दाट. सगळी ओढाताण इथे आहे.

मग घाम मोजला. ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) तासभर, आधी आणि नंतर वजन, प्यायलेलं पाणी त्यात धरून : तासाला १.१ लिटर. सगळं भरून काढायला जायचं नाही, ८५० मिली पुरे. त्यात ६० ग्रॅम कार्ब म्हणजे सात टक्के. सायकलवर जेल पूर्ण बंद. मिश्रण घरचंच : ४० ग्रॅम साखर, २० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (ग्लुकोजच्याच साखळ्यांची पावडर). साखर अर्धी ग्लुकोज, अर्धी फ्रुक्टोज, त्यामुळे एकूण ४० ग्लुकोजला २० फ्रुक्टोज, दोनास एक. वर दीड ग्रॅम मीठ, म्हणजे सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम. चकचकीत डब्यातलं माल्टो आणि बेकरीच्या सामानाच्या दुकानातलं सुटं माल्टो, चवीत मला काही फरक कळला नाही. किमतीत कळला.

रविवारी गार्मिनवर दर पंधरा मिनिटांनी गजर लावला, वाजला की घोट. कामशेत आलं, गेलं. वडगावला पोटावर हात मारून बघितला, मऊ! सायकल ३ तास ४० मिनिटांत, म्हणजे स्विम धरून साडेपाच तासांच्या कटऑफला पुरेशी जागा आहे. पळताना डुचमळ नाही. पाचव्या किलोमीटरला नुसत्या पाण्यासोबत एक जेल घेतलं, तेही गपगुमान बसलं. शर्यतीत एकवीस किलोमीटर पळताना काय होईल हा प्रश्न अजून तसाच आहे, कारण पळताना मला तासाला अर्धा लिटरसुद्धा पिता येत नाही. तिथे कार्ब तासाला ४० ग्रॅमवर आणून बघणार.

हँडलबारमध्ये बसणारी एरो बाटली मागवायची असं ठरलं होतं. पण हे लिहितानाच वाटतंय की तिची गरज नाही. साडेतीन तासांचे मिळून २१० ग्रॅम एकाच ७५० मिलीच्या बाटलीत दाट कालवायचे, बाटलीवर मार्करने तासांच्या रेघा मारायच्या आणि पाणी एड स्टेशनवर (शर्यतीच्या वाटेवरची पाणी-खाण्याची टेबलं) उचलायचं. दाट घोट, मागून साध्या पाण्याचे मोठे घोट. वाटेत थांबून पावडर कालवायची कटकट गेली. धोका एकच : पाण्याची बाटली हातातून निसटली तर पुढच्या स्टेशनपर्यंत त्या पाकाला हात लावायचा नाही. म्हणून चालत्या सायकलवर एका हाताने बाटली घ्यायचा सराव आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये. लेकाला उभं करणार आहे, तो आनंदाने चुकीच्या बाजूला धरेल.

आणि एवढा गोड पाक तिसऱ्या तासाला नकोसा होणार, तर लिंबाऐवजी कोकमाचं आगळ? आंबटही, खारटही. अडचण एवढीच की घरगुती आगळात मीठ किती ते बनवणाऱ्या बाईलाही सांगता येत नाही, हाताचा अंदाज असतो. वरचं दीड ग्रॅम त्यातून वजा किती करायचं? कोणी आगळ वापरून लाँग राईड केली असेल तर लिटरला किती चमचे घातलं ते सांगा, आणि बाटलीच्या तोटीत गाळ अडकतो का तेही.