सोलापूरचं ऊन, वळवाचा पाऊस आणि गाडीचे टायर

परफॉर्मन्स टायर (वेगात आणि वळणावर पकडीसाठी बनवलेले) घ्यायचे म्हटलं की सगळं बोलणं कोरड्या रस्त्यावरच्या पकडीभोवती फिरतं. सोलापुरात रस्ता वर्षातले बहुतेक दिवस कोरडाच असतो आणि त्यावर कुठलाही बऱ्यापैकी नवा टायर गाडी धरून ठेवतो. दोन टायरांतला फरक कळतो तो मे महिन्यात, दिवसभर भाजलेल्या डांबरावर वळीव कोसळला की. माझं मत स्पष्ट आहे: टायर निवडताना ओला रस्ता डोळ्यांपुढे ठेवा, आणि घेतल्यावर त्याला उष्णतेपासून जपा.

‘समर टायर’ या नावाला भुलू नका. तो थंड देशांतला शब्द आहे. साधारण ७ अंशांखाली ज्याचं रबर कडक व्हायला लागतं, तो समर टायर. आपल्याकडे दुकानात मिळणारे कारचे बहुतेक टायर त्याच जातीचे. निवड असते ती टूरिंग (रोजच्या आरामशीर प्रवासाचे) आणि परफॉर्मन्स यांत. मिशेलिनचंच उदाहरण घ्या: प्रायमसी ४ हा टूरिंग, पायलट स्पोर्ट ४ हा परफॉर्मन्स. दुसऱ्याची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, ताठ असते, स्टिअरिंगला तो लगेच प्रतिसाद देतो, पण रस्त्याचे दणकेही जास्त पोचवतो. त्यात साइडवॉल बुटकी असेल तर खड्ड्यात रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये ती चेपते, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. रोज होटगी रोड, जुना पुणे नाका आणि महिन्यातून एखादी पुण्याची फेरी एवढाच वापर असेल, तर ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारा टूरिंग टायर मला जास्त पटतो. अशा टायरच्या रबरात सिलिकाचं प्रमाण चांगलं असतं. नुसत्या कार्बन ब्लॅकच्या (काजळीसारख्या काळ्या पुडीच्या) रबरापेक्षा ते ओल्या रस्त्याला अधिक चिकटून राहतं.

बऱ्याच टायरांच्या बाजूवर ट्रेडवेअर (झीज), ट्रॅक्शन (पकड) आणि टेंपरेचर (उष्णता सोसणं) असे तीन शेरे असतात. ट्रॅक्शन ‘एए’ किंवा ‘ए’ बघून घ्या. ही परीक्षा ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक लावून होते, वळणावरची पकड त्यात येत नाही. टेंपरेचर मात्र ‘ए’च हवं, इथल्या उन्हात त्यात तडजोड नको. ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हा समज पावसात महागात पडतो. रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून तो पाण्यावर लवकर तरंगतो. टायरच्या मापात पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा साइडवॉलची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत असतो. १८५/६५ आर १५ वरून १९५/५५ आर १६ वर गेलात तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, साधारण ६२१ मिमी. २०५/५५ आर १६ बसवलात तर तो १ सेंटिमीटरने वाढतो, स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो आणि चाक पूर्ण वळवल्यावर टायर आत घासण्याची शक्यता असते. लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर कंपनीने दिलंय त्यापेक्षा खालचं कधीच घेऊ नका. ‘८७ व्ही’ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५४५ किलो भार आणि जास्तीत जास्त ताशी २४० किमी वेग.

नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते. कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे, पण पावसाच्या दृष्टीने ३ मिमीलाच टायर संपला असं धरा. त्यानंतर पाणी खाचांतून पुरेसं निघत नाही आणि स्टिअरिंग अचानक हलकं लागतं. तसं झालं तर ॲक्सिलरेटर हळूच सोडा, चाक सरळ ठेवा, ब्रेकवर उभे राहू नका. एका गोष्टीवर मात्र कुठलीच नक्षी पुरी पडत नाही. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर रस्त्यावर येणारी काळी माती, धूळ आणि सांडलेलं तेल यांचा पहिल्या पावसात जो चिकट थर होतो, तो. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं वेग कमी ठेवा आणि पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर सोडा.

आता हवा. उन्हाळ्यात टायर फुटण्यामागे बहुतेक वेळा कमी हवाच असते. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, रबर तापतं, आतले थर सुटतात. सकाळी २७ अंशांना ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला टायर दुपारी ४५ अंशांत, गाडी उभी असतानाही, जवळजवळ ३६ दाखवतो. हायवेवर आतली हवा ६५ अंशांच्या पुढे गेली की आकडा ३९ पर्यंत चढतो. हे अपेक्षितच आहे. मोहोळजवळच्या पंपावर गरम टायरमधून ‘जास्तीची’ हवा काढून ३३ केलीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती जेमतेम २७-२८ भरेल. टायरचा घात तिथेच होतो. हवा नेहमी थंड टायरमध्ये, सकाळी, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. माणसं आणि सामान भरून निघणार असाल तर त्याच स्टिकरवरचा पूर्ण भाराचा आकडा घ्या. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

दुकानात आधी आयएसआय खूण आणि तारखेचे चार आकडे बघा. ‘२३२५’ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. वर्षापेक्षा जुना माल नको, विशेषतः पत्र्याच्या शेडमध्ये तापत पडलेला. नक्षी शिल्लक असली तरी सहाव्या वर्षी मी टायर बदलायलाच सांगेन, कारण उन्हाने रबर कडक होतं आणि साइडवॉलला बारीक भेगा पडतात.

बसवताना रबरी व्हॉल्व्ह नवे घाला. बाणाची खूण असलेला टायर बाणाच्या दिशेने फिरायला हवा, ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर यायला हवी. पंक्चरच्या घाईत नेमकं हेच चुकतं. दोनच नवे घेतलेत तर ते मागे टाका, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून सावरता येते. तुळजापूरच्या घाटात ओल्या वळणावर मागच्यांची पकड सुटली तर गाडी गिरकी घेते. बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) त्याच दिवशी करून घ्या. टायर फक्त आतल्या कडेला झिजत असेल तर अलाइनमेंट बिघडलेलं असतं, दोन्ही कडांना झिजत असेल तर हवा कमी पडते, मधोमध झिजत असेल तर ती जास्त होते.

पहिले २००-३०० किमी जोरात ब्रेक आणि जोरात वळणं टाळा, रबरावरचा गुळगुळीत थर तेवढ्यात निघून जातो. ५०-१०० किमीनंतर चाकांचे नट पुन्हा पान्याने तपासा. आणि नव्या टायरांबरोबर स्टेपनीतही हवा भरा. ती लहान मापाची असेल तर तिच्यावरच लिहिलेली असते ती वेगमर्यादा, बहुधा ताशी ८० किमी, पाळा.